वामीला साप म्हणणाऱ्यांनो

गेल्या रविवारी सकाळी मेहरूणच्या बाजारातून एका मासेवालीला गिऱ्हाइकांनीच टोपलीसकट हुसकावलं. का, तर म्हणे ती साप विकते! टोपलीत वाम होती, तापीतला लांबुळका मासा. बाईचं नाव मला ठाऊक नाही. वामीच्या पाठीवरून ती नेहमी उलटा अंगठा फिरवायची, की बारीक काटे ताठ उभे राहायचे. त्या दिवशीही तिने तेच केलं. "सापना पाठवर काटा ऱ्हातस का, भाऊ? हात लाईसन देखा!"

एकानेही हात लावला नाही. शेजारच्या टोपलीतले मरळ मासे मात्र सगळ्यांनी पिशवीत घातले. अरे, नुसत्या अंगलटीवरून नातं ठरवता? हाडं आणि जनुकं तपासून शास्त्राने सांगितलंय, काटेरी पराच्या माशांच्या मोठ्या गटात वाम ही मरळीचीच भावकी आहे.

या रविवारी बाजारात या. वामीला हात लावा आणि त्या बाईला तिच्या जागेवर परत बसवा.