धौलीच्या काठावरची रेघ

बापटकाकांबरोबर फिरायला गेलं की डावं-उजवं विसरायचं. टोल्का नदीच्या काठाने आम्ही वरच्या अंगाला चालत असलो, तर माझ्या उजव्या हाताचा काठ त्यांच्या लेखी डावा. "नदी जाते तिकडे तोंड करायचं आणि मग हात बघायचे. आपण कुठे चाललोय, त्याला कोण विचारतं?"

काका आमच्या ब्लँचर्डस्टाउनच्या शेजाऱ्यांचे वडील. दोन हजार वीसच्या मार्चमध्ये मुलाकडे इथे परदेशी आले आणि लॉकडाउनमध्ये अडकले. नोकरीची बावीस वर्षं त्यांनी धौलीगंगेचं पाणी मोजलं होतं. मी डॉक्टर. वॉर्डातून पार पिळवटून बाहेर पडले की काकांची नदी ऐकायची. नीती खिंडीकडून ती कशी उतरते, रैणीला ऋषिगंगा येऊन कशी धडकते, विष्णुप्रयागला अलकनंदा तिला कशी पोटात घेते. "हट्टी आहे, पण लबाड नाही," म्हणायचे. नातू कंटाळून म्हणे, "आजोबा, इट्स जस्ट अ रिव्हर." काकांना ते लागायचं.

पुढच्या फेब्रुवारीत धौलीला पूर आला. काका फिरायला आले ते फोन हातात धरूनच. "बच्चनसिंग उचलत नाहीये गं." बच्चनसिंग म्हणजे त्यांच्या हाताखाली रोज पाण्याची पातळी वाचणारा माणूस. त्या दिवशी काकांनी पहिल्यांदाच सांगितलं. निवृत्तीच्या वर्षी धौलीकाठच्या गावकऱ्यांनी विचारलं होतं, पाणी कुठवर चढेल? काकांनी खडकावर पांढरी रेघ मारून दिली. याच्या वर खुशाल घरं बांधा, म्हणाले.

"बावीस वर्षांच्या नोंदी होत्या माझ्याकडे. मला वाटलं, पुष्कळ झाल्या."

दोन दिवस ते जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी आम्ही काठावर असतानाच फोन वाजला. स्पीकर मी लावून दिला.

"मैं ठीक हूँ, साहब. घर मैंने आपके निशान से बहुत ऊपर बनाया था. आपको बुरा लगता, इसलिए बताया नहीं."

काका हसले आणि रडलेही. "बघ, माझं ऐकलं नाही म्हणून वाचला," मला म्हणाले. मग फोनमध्ये हळूच विचारलं, "और नीचे?"



"नीचेवाले आपका निशान मानते थे, साहब."

काकांनी फोन ठेवला नाही. एकेका घराचं नाव घेऊन विचारत राहिले. आणि मी, दिवसभर लोकांना अंतर ठेवा म्हणून सांगणारी, त्यांचा हात धरून उभी राहिले.