झिरोकाकांची खुर्ची

युद्ध सुरू होण्याआधी त्यांना कोणी झिरोकाका म्हणत नव्हतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दोन खुर्च्यांचं केस कापायचं दुकान होतं आणि ते मशीनला सहसा हात लावत नसत. सगळं काम कात्री-फणीवर. कानामागचे केस उतरवताना त्यांची कात्री अशी हलकी चालायची की गिऱ्हाईक खुर्चीतच डुलक्या घ्यायचं. कोणी घाईघाईत येऊन "पटकन मशीन मारा" म्हणालं, तर ते शांतपणे सांगायचे, "गवत कापायचं असेल तर माळी बघा." मी त्यांच्या दुकानासमोरच राहतो. आमचं चर्चही एकच. त्यामुळे पुढचं काही मी स्वतः पाहिलं आणि बरंचसं त्यांनीच मला नंतर, माझे केस कापता कापता, तुकड्यातुकड्यांनी सांगितलं.

प्रार्थनेचं म्हणाल तर तो त्यांच्या बायकोचा प्रांत. ती सकाळी टेबलाशी बसून मोठ्याने प्रार्थना करायची. शेजारणीचा गुडघा, पाळकांचा खोकला, मुलीची बदली, काही म्हणून सुटायचं नाही. हे समोर डोळे मिटून बसायचे आणि शेवटी आमेन म्हणायचे. "आमचं वाटून घेतलंय," ते सांगायचे. "अर्ज तिचा, सही माझी."

युद्धाच्या दुसऱ्या महिन्यात भरती वाढली. त्यांची मुलगी ज्या शाळेत शिकवायची ती शाळाच सैन्याने छावणीसाठी ताब्यात घेतली. मुलीचा वर्ग चर्चच्या मागच्या खोलीत भरू लागला आणि शाळेच्या व्यायामशाळेत, वरून लोंबणाऱ्या चढायच्या दोरांखाली, दोन लोखंडी खुर्च्या टाकून नवीन पोरांचे केस कापायची सोय झाली. गावातल्या दोन न्हाव्यांना हुकूम आला. एक हे. दुसरा बाजारातला, ज्याला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण त्याचं तोंड सकाळी सुरू झालं की दुकान बंद होईपर्यंत बंद व्हायचं नाही.

आरसा नव्हता. गरजही नव्हती. सगळ्यांना एकच कट, झिरो नंबरचं मशीन, आणि मानेवर व कानाभोवती वस्तरा. एका डोक्याला चार मिनिटं, दिवसाला साठसत्तर डोकी. कात्रीच्या माणसाला हे काम अपमानाचं वाटलं, पण बोलणार कोणाला? पोरांनी आठवडाभरात त्यांचं नाव झिरोकाका ठेवलं.

पहिल्याच दिवशी, तिसरा किंवा चौथा मुलगा असेल. तो खुर्चीत बसला तेव्हा त्याची मान थरथरत होती. वस्तरा लावायचा तर डोकं स्थिर हवं. यांनी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवून ते जरा दाबून धरलं. थरथर थांबेना. आणि यांच्या तोंडून, अगदी हलक्या आवाजात, निघून गेलं, "देवा, हा तुझा. याला सांभाळ."

"काय म्हणालात काका?" मुलाने विचारलं.

"काही नाही. मान खाली घे."

मान स्थिर झाली. पुढचा मुलगा बसला. त्याची मान थरथरत नव्हती, पण एकासाठी म्हटलं आणि दुसऱ्यासाठी नाही, हे यांना बरं दिसेना. म्हणून त्याच्याही डोक्यावर हात ठेवून तेच म्हटलं. मग त्याच्या पुढच्यासाठी. संध्याकाळपर्यंत बासष्ट वेळा झालं. घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती हसली. "पंचवीस वर्षांची बाकी एका दिवसात फेडलीत," म्हणाली.

तीन आठवड्यांनी बातमी आली. पहिल्या तुकडीचा एक ट्रक सुरुंगावर गेला होता. पुढची दोन्ही चाकं उडाली, ट्रक खड्ड्यात आडवा झाला, पण आतली अठरा पोरं खरचटण्यापलीकडे काही न होता बाहेर आली. त्यातल्या कोणीतरी फोनवर घरी सांगितलं की आमच्यातले बहुतेक झिरोकाकांच्या खुर्चीतले. हे रेडिओच्या कानावर गेलं. मग काय विचारता! दोन दिवसांत सगळ्या छावणीला माहीत झालं की या हाताखालून गेलेला माणूस परत येतो.

पुढच्या आठवड्यात रेडिओची खुर्ची रिकामी आणि यांच्यासमोर दारापर्यंत रांग. रेडिओ हातात मशीन घेऊन उभा राहायचा आणि ओरडायचा, "अरे, माझ्याकडे कापलेत तर केस परत उगवणार नाहीत की काय? या की!" पोरं हसायची, पण रांग सोडायची नाहीत. काहींना चर्च म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. आपला देव वेगळा आहे असं स्पष्ट सांगून काही बसायचे. तरी बसायचे.

"खोटं कशाला बोलू," झिरोकाका मला म्हणाले, "मला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की वर आपलंही कोणी ऐकतंय."

घरी बायकोच्या ते लक्षात आलं. "अलीकडे जेवतानासुद्धा डावा हात फार जपून ठेवता हो," ती म्हणाली. मुलगी मात्र हसली नाही. ती वह्या तपासत होती. मान वर न करता तिने विचारलं, "बाबा, पलीकडच्या बाजूलाही कोणीतरी न्हावी असेल ना? तोही असाच हात ठेवत असेल?"

"असेल."

"आणि तोही आपल्याच चर्चसारख्या चर्चमध्ये जात असेल तर? मग देवाने कोणाचं ऐकायचं?"

बायको म्हणाली, "जेवू दे ग त्यांना." मुलीने पुन्हा वहीत डोकं घातलं. यांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

त्यानंतर मेलेल्यांच्या याद्या लागू लागल्या. नगरपालिकेच्या फळ्यावर, टाइप केलेल्या, दर सोमवारी. लोक फळ्यापुढे उभे राहून बोट खाली सरकवत नावं वाचायचे. झिरोकाका तिथे जायचे नाहीत, आणि गेले असते तरी त्यांना काही कळलं नसतं. त्यांना एकाही पोराचं नाव माहीत नव्हतं. चार मिनिटांत ओळख कसली होणार? त्यांना माहीत होत्या त्या माना, कानामागचे तीळ, टाळूवरचे भोवरे. यादीत भोवरे नसतात.

मग एके दिवशी दुपारच्या सुट्टीत पहारेकऱ्याने निरोप आणला. फाटकाशी एक बाई आली आहे, झिरोकाकांना भेटायचं म्हणते.

बाई चाळिशीची असेल. अंगावर कापडगिरणीतला निळा कोट, केसांत कापसाचे तंतू. कामावरून तशीच आली होती. रडत नव्हती. तिने पर्समधून फोटो काढला. फोटोतल्या मुलाचे केस कपाळावर आले होते.

"हा तुमच्या खुर्चीत बसला होता," ती म्हणाली. "त्याने मला फोन करून सांगितलं. आई, आता काळजी करू नकोस, झिरोकाकांनी डोक्यावर हात ठेवलाय."

यांनी फोटो पाहिला. काही आठवेना.

"मी काळजी करणं सोडलं हो," बाई म्हणाली. "खरंच सोडलं. त्याआधी रोज मेणबत्ती लावून बसत होते. तुमचं ऐकल्यावर म्हटलं, झालं, आता एका भल्या माणसाने त्याला देवाच्या हवाली केलंय. मी नीट जेवायला लागले. नवव्या दिवशी तो गेला. मला कळलं बाराव्या दिवशी. मधले तीन दिवस मी निवांत होते."

झिरोकाका म्हणतात, तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही नेमकं काय म्हणाला होतात?" तिने विचारलं. "शब्द सांगा."

"देवा, हा तुझा. याला सांभाळ."

"एवढंच?"

"एवढंच."

ती थोडा वेळ तसंच पुटपुटून पाहत राहिली, जणू त्यात कुठे चूक राहिली आहे का ते शोधत होती. मग म्हणाली, "यात तर काही कमी नाही."

"नाही."

"तुम्हाला तो आठवतो का? त्याला दोन भोवरे होते. एक इथे, एक इथे." तिने स्वतःच्या डोक्यावर बोट ठेवून दाखवलं.

"बाई, दोन भोवऱ्यांची आठदहा डोकी तरी गेली असतील माझ्या हाताखालून," हे म्हणाले. "मी त्यांना मागून बघतो. मला आठवत नाही."

तिने मान हलवली, फोटो पर्समध्ये ठेवला आणि गिरणीच्या दिशेने चालू लागली. तिची सुट्टीही तेवढीच होती.

"आठवतो म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं?" झिरोकाकांनी मला विचारलं. त्यांचं मशीन माझ्या कानापाशी थांबलं होतं. "एक वाक्य. गेली असती तेवढं घेऊन. पण मला वाटलं, आता हिच्याशी खोटं बोलायचं नाही. आणि घरी आल्यावर वाटलं, खरं बोलून तरी मी तिला काय दिलं?"

दुसऱ्या दिवशी ते पाळकांकडे गेले. पाळकांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि देवाचे मार्ग आपल्याला कळत नाहीत इथपासून सुरुवात केली. हे ऐकून घेत राहिले. मग पाळकच मध्ये थांबले. म्हणाले, "या महिन्यात मी हे सात घरांत बोललोय. सातव्या घरी एका बापाने मला दार उघडून दिलं, जा म्हणून." निघताना पाळकांनी एवढंच विचारलं, "उद्या कामावर जाणार ना?"

ते छावणीतल्या अधिकाऱ्याकडेही गेले. दुसरं काही काम द्या म्हणाले, भांडी घासतो, कपडे धुतो. अधिकारी वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "काका, तुमच्या खुर्चीतून उठलेली पोरं रात्री झोपतात. मला ते पुरे आहे. हात आहे तिथेच राहू द्या."

मग त्यांनी प्रार्थना करायचीच नाही असं ठरवलं. पण डोक्याला हात न लावता न्हाव्याने काम करायचं कसं? मान वळवायची तर हात लागतो, वस्तरा फिरवायचा तर हात लागतो. हात पडला की शब्द जिभेवर यायचे. ते दात आवळून गप्प राहायचे आणि खुर्चीतला मुलगा वाट बघत बसून राहायचा. चार मिनिटं संपली तरी उठायचा नाही.

"काका, म्हणालात का?"

"नाही."

"का?"

"त्याने काही होत नाही रे. तुला कोणी काहीही सांगू दे. माझ्या हाताखालची पोरं मेलीत."

"माहीत आहे," एक मुलगा म्हणाला. "माझा भाऊ तुमच्याच खुर्चीतला होता. तरी म्हणा."

आता यावर काय करणार? त्याच्यासाठी ते म्हणाले. पुढच्यासाठीही म्हणाले. आधी जे म्हणताना बरं वाटायचं तेच आता म्हणवत नसे. अमुक एक वाचावा असं मागायचं, म्हणजे दुसरा कोणी जावा असं मागायचं का, हे त्यांना समजेना. मुलीचा प्रश्नही डोक्यातून जाईना. त्यांनी शब्द बदलून पाहिले. फक्त "देवा, हा" एवढंच म्हणून पाहिलं. सगळ्यांना सांभाळ, त्यांच्याही आणि आमच्याही, असं म्हणून पाहिलं. सोमवारची यादी लहान झाली नाही. एकदा तर रेडिओलाच त्यांनी विनवलं, "तू घे ना निम्मी पोरं." रेडिओ त्या दिवशी पहिल्यांदा हळू आवाजात बोलला. "माझ्याकडे येत नाहीत रे," तो म्हणाला. "आणि आली असती तरी आता माझी छाती झाली नसती."

असे अकरा महिने गेले. शस्त्रसंधी झाली ती एका बुधवारी, सकाळी अकराच्या सुमारास. बाहेर कोणीतरी शिट्टी वाजवली, मग आरडाओरडा झाला, आणि खुर्चीतला मुलगा अर्धं डोकं भादरलेल्या अवस्थेत, गळ्याभोवतीची चादर तशीच घेऊन मैदानाकडे पळाला. रेडिओही पळाला. झिरोकाका हातात चालू मशीन धरून दोरांखाली एकटेच उभे होते. आदल्या दिवशी भादरलेली पासष्ट पोरं पहाटेच ट्रकने आघाडीवर गेली होती. संधीची बातमी त्यांच्याआधी तिथे पोचली की नंतर, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. ते आजही त्यांना माहीत नाही.

अर्ध्या तासाने तो मुलगा लाजत परत आला. एका बाजूला केस, एका बाजूला टक्कल. "उरलेले काढा काका," म्हणाला. "असा घरी गेलो तर आई हाकलून देईल." खुर्चीत बसून त्याने विचारलं, "आता म्हणायची गरज नाही ना?"

यांनी राहिलेली बाजू साफ केली, मानेवर वस्तरा फिरवला, चादर झटकली.

दुकान पुन्हा सुरू झालं. कात्री-फणीचं काम आता त्यांना पूर्वीसारखं जमत नाही. बोटांना मशीनची सवय लागली आहे. अधूनमधून एखादा तरुण दारात उभा राहतो आणि म्हणतो, "काका, ओळखलंत का?" डोक्यावर दाट केस असतात, दाढी असते. ते हसून हो म्हणतात. हे खोटं ते आता बोलतात. दार उघडून एखादी बाई आत आली की मात्र ते आधी तिच्या हातात पर्स आहे का ते बघतात.

मागच्या महिन्यात मी न राहवून विचारलं, "देवाने तुमचं ऐकलं नाही, असं वाटतं का?"

ते माझ्या मागे उभे होते. आरशात त्यांचा चेहरा दिसत होता.

"ऐकलं नसेल तर ठीक आहे," ते म्हणाले. "एवढ्या गोंगाटात राहून गेलं असेल. पण मला वाटतं त्याने ऐकलं. एकेका डोक्याचं ऐकलं. तेच मला झेपत नाही."

मग त्यांनी माझी मान डावीकडे वळवली आणि कानामागे कात्री चालवू लागले. ती मध्येच अडकत होती.