रेडिमेडचे वैरी आमचे साडभाऊ

आमच्या साडभाऊसारखा रेडिमेडचा वैरी अख्ख्या नागपुरात सापडणार नाही. हा माणूस चड्डीबी शिवून घेते. तिखट घरीच कुटते. पाहुणा म्हणून गेला तं पापड कोणी लाटले हे आधी विचारते.

लकडगंजातल्या माह्या दुकानात देव्हाऱ्यावर नक्षी कोराची एक जुनी मशीन आहे. तिच्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स साडभाऊनंच टाकलं. मी सातवी नापास. त्यायच्या तोंडी दोन शब्द सारखे येत, म्हणून विचारलं, "पॅकेज अन् कंपाइल म्हंजे काय हो भाऊ?" म्हणाले, "पॅकेज म्हंजे बाजारातली तयार चौकट. कंपाइल म्हंजे लाकूड आणून आपल्या भिंतीच्या मापानं बनवलेली. तुही मोटर जुनी गा, तयार चौकट तिले बसत नाही." म्हणून मोटरचा प्रोग्राम त्यायनं हातानं बनवला, बाकी सारं तयार. तो नव्यानं बनवाले दर रविवारी हुडकेश्वरहून स्कूटरनं येत. स्क्रीनवर अक्षरं भराभरा धावत, अन् साडभाऊ गॅसवरच्या दुधाकडे पाहावं तशे पाहात बसत. वर चिठ्ठी डकवली होती: 'अपडेट दाबू नये.'

चिठ्ठी वाचता येते मले. पण दाबलं तं काय होते, हे तिच्यात नव्हतं ना! एका शनिवारी दाबून पाहिलं. तयार प्रोग्राम आला अन् साडभाऊच्या प्रोग्रामले उठवून त्याच्या जागी बसला. मोटर ढिम्म! अन् सोमवारी गिऱ्हाइकाचं वास्तुपूजन. देव्हाऱ्यावरच्या गणपतीले सोंड झालती, कान बाकी.

रविवारी साडभाऊ आले. "काहून दाबलं गा?"

"काय होते ते पाहाले."

"मंग, पाहिलं?"

"पाहिलं."

नात्यात नसतो तं हाणलंच असतं. पुन्हा प्रोग्राम बनवाले बसले, अन् मधातच थांबले. नव्या पॅकेजची माहिती वाचली, त्यातलाच एक आकडा बदलला, अन् मोटर फिरली. गणपतीले दोन्ही कान आले.

"तयारवाल्यायनं तुही मोटर शिकून घेतली गा," ते हळूच म्हणाले. "आता माह्या हातचं लागत नाही." चिठ्ठी काढून खिशात टाकली. अन् मी बैल, टाळ्या वाजवून राहिलो होतो!

तेव्हापासून मशीन एकदाबी अडली नाही. चार रविवार झाले, साडभाऊ आले नाहीत. शेवटी मीच फोन लावला.

"बिघडली का?" आवाज कसा एकदम ताजा!

"नाही भाऊ, मस्त चालून राहिली."

"मंग?"

"या ना रविवारी."

"काहून?"

फोन तसाच कानाले धरून उभा राहिलो. त्यायनंबी ठेवला नाही.