मामांचं धोतर, हळद आणि सोडियम हायपोक्लोराइट

स्वस्ति श्री मूलद्रव्य-मार्तंड, परीक्षानळी-पुरंदर, क्षाराम्ल-समरधुरंधर, लातूरस्थ कनिष्ठ महाविद्यालयाचे रसायनाध्यापक, नांदेडस्थ श्वशुरगृहाचे ज्येष्ठ जामात... अर्थात अस्मादिक, समस्त मित्रमंडळास सादर कळवितात की परवा नांदेडात आमची प्रतिष्ठा एका बादलीत बुडाली होती.

मेहुण्याच्या मुलीची हळद होती. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दुसऱ्या दिवशी लग्नात नेसायचं पांढरंशुभ्र सुती धोतर संदुकीतून काढून बाजेवर ठेवलं होतं. सासूबाईंनी त्यांच्या अखेरच्या दिवाळीला घेतलेलं... नातीच्या लग्नासाठी म्हणून मामांनी त्याची घडी आजवर मोडली नव्हती.

हळद खेळणाऱ्यांचा उत्साह अनावर झाला आणि कालवलेल्या हळदीची अख्खी वाटी त्या धोतरावर उपडी झाली. मेहुण्याच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, ते नळाखाली पुष्कळ चोळलं. परंतु हळदीचा रंग जलाला जुमानत नाही, त्यात विरघळतच नाही. मामा नुसते बाजेच्या कडेला बसून राहिले.

ते मला पाहवेना. मी पँट उतरवून लुंगी परिधान केली, दुकानातून ब्लीच आणवलं आणि उद्घोषणा केली, "चिंता नसावी! सोडियम हायपोक्लोराइट पाण्यात लीलया विरघळतं, रंगद्रव्याचे बंध तोडतं आणि उरलेले निस्तेज तुकडे पाण्यासवे प्रस्थान करतात!"

न्हाणीघरात बादलीभर पाण्यात माफक ब्लीच मिसळून धोतर आत सोडलं... आणि पिवळा डाग क्षणार्धात लालभडक झाला.

"अगं बाई! दाजी, हे तर कुंकू सांडल्यावानी झालं की!" वहिनी ओरडल्या.

दारातून मामांचा शांत आवाज आला, "जावई, कॉलेजातबी असंच शिकवून राहिलात का?"

एवढ्यात वहिनींनी संडास धुण्याचं ॲसिड उचललं. "हेबी वता, लवकर निघंल."

तेवढ्यापुरतं माझं सारं पांडित्य गळालं. बाटली अक्षरशः हिसकावून घेतली. ब्लीचमध्ये ॲसिड पडलं की विषारी क्लोरीन वायू निघतो... लग्नघराचा दवाखाना व्हायला वेळ लागत नाही.

त्या झटापटीतच मस्तकात प्रकाश पडला. ब्लीच अल्कधर्मी असतं आणि अल्कात हळद लालच होते! हाच प्रयोग मी दरवर्षी वर्गात साबणाच्या पाण्याने करून दाखवतो, टाळ्याही स्वीकारतो... आणि ऐन सासुरवाडीत विसरलो.

"वहिनी, धीर धरा. हा केवळ प्रथम अंक आहे."

मग आम्ही तिघे त्या बादलीभोवती यज्ञकुंडाभोवती बसावं तसे बसलो. लाल नारिंगी झालं, नारिंगी फिकट झालं... आणि अखेरीस काहीच उरलं नाही. स्वच्छ पाण्यातून खळबळून धोतर मामांच्या हाती दिलं.

त्यांनी ते नाकाशी नेलं. "दवाखान्यावानी वास येऊन राहिला," म्हणाले. मग बराच वेळ त्याचा काठ बोटांनी चाचपत राहिले. "पण तिचंच हाय."

दुसऱ्या दिवशी अक्षता पडताना मामा त्या धोतरात ताठ उभे होते. रसायनशास्त्राने मला आजवर पगार दिला, परंतु त्या शास्त्राचा ऋणी झालो तो त्या क्षणी.

आता एक क्षुद्र, तथापि ज्वलंत प्रश्न. त्या न्हाणीघरात कपडे अडकवायला एक खुंटी नाही. परिणामी माझी नवीकोरी निळी पँट नळावर टांगलेली होती, आणि बादलीतल्या शिंतोड्यांनी तिच्यावर तारांगण अवतरलं आहे. दुसरी आणलेली नव्हती. संपूर्ण लग्न मी खुर्चीच्या पाठीमागे उभं राहून साजरं केलं.

खुंटीचा विषय मामांच्या कानावर घातला. "पुढच्या लग्नाला ठोकू की," म्हणाले. हेच उत्तर मला माझ्या पहिल्या दिवाळसणालाही मिळालं होतं...