बांधावरचा पळस आणि कोनाड्यातलं शेवाळ

कुठंही जा, पळसाला पानं तीनच. जनवाड्याच्या आमच्या शेतात तर तो बांधाबांधावर होता. पानांच्या पत्रावळी, फुलांचा रंग. त्याचं कौतुक कुणाला? शेवाळ मात्र एकाच जागी होतं, विहिरीच्या पायऱ्या उतरल्यावर लागणाऱ्या कोनाड्यात. दाट, मखमलीसारखं, मुठीएवढं. पुढे मी बिदरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, रानोमाळ हिंडले, पण तसलं शेवाळ मला दुसरीकडे दिसलं नाही. ते आईनं वाढवलेलं होतं.

माझी थोरली बहीण, अक्का, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मूल गेलं आणि तिला ताप चढला. बाळंतिणीला पाणी द्यायचं नाही, अंगात वारं भरतं, ही आमच्याकडची रीत. "घोटभर पाणी दे गं माय," एवढंच ती म्हणत राहिली. आईनं ओवा-बडीशेप चावायला दिली, पाणी दिलं नाही. लेकीवर जीव होता, म्हणूनच दिलं नाही. अक्का कोरड्या ओठांनी गेली. त्या आठवड्यात बांधावर पळस फुलला होता.

बाळंतीण उठली की विहीर पूजते, त्या कोनाड्यात दिवा ठेवते. अक्काची पूजा राहिली. मग आई रोज सकाळी तिथं तांब्याभर पाणी ओतू लागली आणि त्या ओलीवर शेवाळानं जीव धरला. पळसाकडे ती बघतसुद्धा नसे. "मेल्याला फुलायला लाज न्हाई," म्हणायची. मला त्या घरात झोप लागत नसे. आजही नळ टिपकला की मला अक्का ऐकू येते.

दुष्काळाच्या वर्षी विहीर आटली. पळस नेहमीसारखा लालभडक. शेवाळ तपकिरी पडलं, बोट लावलं तर चुरा झाला असता. टँकरचं पाणी घरात वाटून घ्यायचो. आई आपल्या वाट्याचा तांब्या घेऊन विहिरीकडे निघाली.

"कामून करायलीस हे? तुझा घसा बघ की कसा कोरडा पडलाय!" मी तिच्या मागून ओरडत गेले. ती पायऱ्या उतरली आणि तिनं तांब्या कोनाड्यात ओतला.

वाळलेलं शेवाळ पाणी लागताच हिरवं होतं, हे मी दरवर्षी वर्गात शिकवायचे. तरी ते डोळ्यांदेखत उमलू लागलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आई कोनाड्यात तोंड घालून बोलत होती.

"पी, बाई. आता तुला कोण बी न्हाई म्हणायचं न्हाई."