पहिली पानगी चुलीची

मैत्रिणींनो, आमच्या सासूबाईंनी आज बोईसरचं मैदान मारलं! पानगी स्पर्धेत पहिला नंबर!

नाव मीच दिलं होतं. शिरगावला मासे सुकवण्यात दिवस घालवणाऱ्या आईंना अशी स्पर्धा असते हेच माहीत नव्हतं. आज मंडपाबाहेर चूल मांडून त्यांनी तांदळाचं पीठ केळीच्या पानात थापलं आणि वर-खाली करवंट्यांचे निखारे लावून भाजलं. वास असा सुटला की शेजारच्या बायका स्वतःची चूल सोडून आमच्याकडे बघत होत्या.

पाच परीक्षकांसाठी मोजून पाच पानग्यांचं पीठ मिळालं होतं. पहिली उतरली, मस्त खरपूस. आणि आईंनी ती सरळ निखाऱ्यांत टाकली! आमच्या घरी पहिली पानगी चुलीचीच असते, पण इथे? मी कपाळाला हात लावला.

"चारच कशा?" परीक्षक बाईंनी विचारलं. आता आम्ही बाद, असं मी धरूनच चालले.

"पयली चुलीची हाय," आई म्हणाल्या. "तिला उपाशी ठेवून तुमाला कशी वाढू?"

बाईंनी शेजारच्या परीक्षकाबरोबर एक पानगी अर्धी अर्धी केली. थोड्या वेळाने पाचही जण पानाला चिकटलेला पापुद्रा नखाने खरवडून खात होते!

बक्षीस मिळालं इलेक्ट्रिक ओव्हन. घरी आल्यावर आईंनी त्याचं दार तीनदा उघडून आत बघितलं आणि मला विचारलं, "याच्यात पयली कुटं टाकायची?"

सांगा ना, काय उत्तर देऊ?