घाटातलं डावं वळण

दुपारची जेवणं आटोपली की वृंदा पुस्तक घेऊन पलंगावर आडवी होते. दोन पानं होतात न होतात तोच पुस्तक छातीवर पालथं पडतं. आणि डोळा लागता लागता तोच रविवार समोर येतो, अण्णांचा शेवटचा साधासुधा रविवार.

त्या रविवारी घडत काहीच नाही. कोल्हापूरच्या घराच्या अंगणात तिचे वडील, म्हणजे अण्णा, छोट्या पांढऱ्या गाडीभोवती फिरत चाकांची हवा अंगठ्याने दाबून बघताहेत. आई पाण्याचा मग घेऊन येते आणि अण्णा ज्या बाजूला बसतात त्या दारावर ओतते. दारावर खिडकीपासून मागच्या चाकापर्यंत तपकिरी ओघळ गेलेले आहेत. काही ओले, काही वाळून खपली धरलेले. आई चिंधीने ते पुसते, खपल्या नखाने खरवडते. अण्णा तिकडे बघत नाहीत. वृंदा बघते आणि हातातला चहा तसाच पायरीवर ठेवून देते. त्या घरात ओघळ धुतले जायचे, बोलले जायचे नाहीत.

सोमवारी करूळचा घाट उतरताना अण्णा गेले.

औषधांच्या कंपनीच्या फिरतीवर ते आयुष्यभर दर आठवड्याला कोकणात उतरत आले होते. त्यांच्यासारखं वळण घेणारा माणूस कंपनीत दुसरा नव्हता, असं सगळेच म्हणायचे, आणि ते खरंही होतं. समोरून घाट चढणाऱ्या टेम्पोवाल्याने पोलिसांना सांगितलं, "साहेबांनी ऐन वळणात दार उघडलं. थुंकायला." काकांनी पुढे सांगताना शेवटचा शब्द गाळून टाकला. "स्टिअरिंगवर असताना गेला आमचा दादा. राजासारखा." दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा याच काकांनी तळहातावर तंबाखू मळली, चुना लावला आणि चिमूटभर पिंडाशेजारी ठेवली. कावळा लगेच उतरला. सगळे रडता रडता हसले. वृंदाच्या मनात आलं, मेल्यावरसुद्धा सुटका नाही.

नंतर तिने मरणाबद्दलची पुष्कळ पुस्तकं वाचली. चांगली होती. त्यांतली माणसं खिडकीशी, स्वच्छ चादरीवर, लक्षात राहील असं काही बोलून जात. थुंकायला वाकून कुणी गेलेलं नव्हतं.

आजही रविवार येतो, आई दार धुते, पाणी फरशीवरून वाहत पलंगाच्या पायापर्यंत येतं. मग पलंग हळूच उजवीकडे कलतो. लहान गाडी डाव्या वळणात कलते, तसा.

"ब्रेक आधी," कुणीतरी म्हणतं.

वृंदाच्या हातात स्टिअरिंग आहे. शेजारी अण्णा बसलेत. डॉक्टरांकडे जायचा कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर औषधांच्या नमुन्यांची काळी बॅग. रस्ता घाटाचा आहे, पण कठड्याच्या जागी दवाखान्याची बाकं मांडलेली आहेत आणि त्यांवर पेशंट नंबराची वाट बघत बसलेत. दरीकडे पाठ करून. यात वावगं काही वाटत नाही.

"वळणात ब्रेक दाबायचा नाही, वृंदे. दाबायचा तो आधी. गाडी सरळ आहे तोवर."

"माहीत आहे."

"माहीत आहे तर पाय का थरथरतोय?"

"तुम्ही बोलताय म्हणून."

"मी बोलणारच. फुकट शिकवतोय, ऐकून घ्यावं लागतं. तिसरा काढ, दुसरा टाक. हां. आता नजर कुठाय?"

"दरीकडे."

"दरी कुठं पळून जात नाही. वळण संपतं तिथं बघ. डोळे जातील तिकडं हात जातात आणि हात जातील तिकडं गाडी. आता पाय हलका दे. हिसका नको."

वृंदा वळणाच्या टोकाकडे बघते. हात आपोआप फिरतात. गाडी वाकते, धरून राहते, आणि वळणातून बाहेर पडताना उलट मोकळी होऊन पळते. बाकावरचे पेशंट माना वळवून बघतात.

"लहान गाडीत ताकद नसते," अण्णा म्हणतात. "तिचा वेग जपायचा. चुकीच्या जागी घालवला की परत मिळत नाही. आणि पलीकडच्या बाजूला जायचं नाही, कितीही मोह झाला तरी. रस्ता जेवढा दिसतो तेवढाच आपला."

ते बोलतात तसा वास येतो. आंबूस, ओला, चुन्याचा आणि कुजक्या पानांचा. बंद काचांच्या आत तो इतका दाट आहे की तिला वाटतं, काचेवर बोट फिरवलं तर बोटाला लागेल. ती तोंडाने श्वास घेते आणि मग वास जिभेवर येतो. ते जास्त वाईट.

अण्णा आता कठड्यापाशी उभे आहेत. कठड्याला वॉशबेसिन बसवलेलं आहे. ते चूळ भरतात, पुन्हा भरतात, खिशातून लवंग काढून दाढेखाली धरतात, भांग नीट करतात. मग झाडाझुडपांत लटकलेला एक पडदा सारून आत वाकतात. "नमस्कार डॉक्टरसाहेब." त्यांचं हसू स्वच्छ आहे. तिने ते घरी कधी पाहिलेलं नाही.

"डॉक्टरांसाठी चूळ भरता," ते परत आल्यावर वृंदा म्हणते.

"पोटाचा प्रश्न आहे."

"आणि आमच्यासाठी?"

"तुम्ही घरची माणसं," अण्णा म्हणतात आणि तिचं डोकं थोपटतात, जसं काही फार मायेचं बोलले असावेत. तिच्या घशात एक वाक्य वर येतं. ते तिथे किती वर्षं आहे कोण जाणे. आजवर गिळलं तसं ती ते गिळते.

आता तिचे पाय जमिनीला पुरत नाहीत. डॅशबोर्ड हनुवटीपर्यंत आलाय. अण्णा गाडी चालवताहेत, ती डावीकडच्या सीटवर आहे आणि तिला काय होणार ते माहीत आहे.

"धर," अण्णा म्हणतात.

ती वाकून दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरते. अण्णा हात मोकळे करतात. पुडी, चुन्याची डबी, डावा तळहात, उजवा अंगठा. मळतात, वरून टाळी मारतात, बारीक भुकटी उडते आणि तिच्या ओठांवर, पापण्यांवर बसते. ती शिंकते, पण हात हलू देत नाही. गाडी चालवायला ती अशीच शिकली. वर्गात कुणाच्याही बापाने स्टिअरिंग हातात दिलं नव्हतं. तिला त्याचा केवढा ताठा होता. नंतर अण्णा स्टिअरिंग परत घ्यायचे तेव्हा त्यांचा ओला अंगठा तिच्या बोटांना लागायचा, आणि ती पुढचे किती तरी मैल तो हात फ्रॉकला पुसत राहायची. फ्रॉकच्या घेराला तेवढ्या जागी तांबूस कळा आलेली असायची.

"सरळ धर. झोपलीस काय?"

"नाही."

पुढे वळण आहे. ती ते ओळखते. कठड्याचा एक तुकडा नवा आहे, सिमेंट अजून ओलं, त्यावर कुणा गवंड्याच्या करणीचे फटकारे तसेच दिसताहेत. वळण डावीकडे जातं.

"अण्णा, पट्टा लावा."

"पट्टा लावला की झुकता येत नाही."

"झुकायचं कशाला?"

"थुंकायला. काचेतून थुंकलं की वाऱ्यानं सगळं दारावर येतं. तुझी आई सकाळी गार पाण्यात हात घालून ते धूत बसते. मी बघितलंय." ते जरा खालच्या आवाजात बोलतात, आईला ऐकू जाऊ नये अशा बेताने. "म्हणून आजपासून दारच उघडतो. जरासं. दाराला डाग नाही, तिला त्रास नाही."

वृंदा त्यांच्याकडे बघत राहते. ती आजवर ते दार नुसत्या बेपर्वाईने उघडलं गेलं असं धरून चालली होती. बेपर्वाई सोपी होती.

"तंबाखू सोडता आली असती," ती म्हणते.

अण्णा विचार करतात. अगदी मनापासून. कपाळाला आठी पडते.

"ते नाही सुचलं," ते म्हणतात.

तिला शिसारी येते, आणि हसू येतं, आणि दोन्ही एकाच जागेवरून येतात. गाडीचा वेग वाढलेला आहे. स्टिअरिंग अजून तिच्या हातात आहे, अण्णांच्या तळहातावर मळलेली चिमूट तयार आहे.

"डाव्या वळणात माणूस कुणीकडं फेकला जातो?" ती विचारते.

"उजवीकडं. माझ्या दाराकडं. मीच शिकवलंय तुला."

"मग?"

"मग काय. सवय गं."

ते चिमूट उचलायला बोटं जुळवतात. वृंदा एक हात सोडते, त्यांच्या तळहातावरून सगळी तंबाखू ओरबाडते आणि आपल्या खालच्या ओठाआड कोंबते.

चुना कचकन चावतो. डोळ्यांत पाणी येतं. अण्णांच्या थुंकीचा, घामाचा, त्या डबीचा, दारावरच्या खपल्यांचा, सगळ्या बालपणाचा वास तिच्या तोंडात एकदम फुटतो. ती ओठ मिटून धरते.

अण्णा रिकाम्या तळहाताकडे बघतात, मग तिच्याकडे. "अगं," एवढंच म्हणतात. मग समोर वळण आलेलं दिसतं आणि ते दोन्ही हातांनी स्टिअरिंग घेतात, कारण हातांना आता दुसरं काम नाही. गाडी सरळ आहे तोवर ब्रेक. तिसरा काढला, दुसरा टाकला. मान किंचित वळते, नजर वळणाच्या टोकाला. गाडी आत शिरते. वृंदा उजवीकडे, त्यांच्या खांद्यावर लोटली जाते, ते दाराला टेकतात, दार बंद असतं. ओलं सिमेंट काचेजवळून जातं आणि मागे पडतं. खालून चढणाऱ्या टेम्पोचा आवाज जवळ येतो, शेजारून निघून जातो. पाय हलका. गाडी बाहेर पडते आणि पळायला लागते.

असं वळण त्यांनीही कधी घेतलं नसेल. अण्णांना ते कळलंय. शाबासकी हवी असल्यासारखे ते तिच्याकडे बघतात.

तिचं तोंड भरून आलंय.

"थुंक," अण्णा म्हणतात. "गिळू नकोस, चक्कर येईल."

ती मान हलवते.

"रस्ता सरळ आहे आता. दार उघड नि थुंक. मी हळू करतो." ते खरंच हळू करतात. थोडा वेळ वाट बघतात. "अशी काय बघतेस? काहीतरी बोल की. नेहमीच अशी बघत राहतेस."

तिला बोलायचं असतं. ओठ उघडले तर सगळं त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर येईल. ती तशीच बसून राहते आणि रस्ता उजेडात विरत जातो.

पडद्याच्या फटीतून ऊन चादरीवर आलेलं आहे. पुस्तक खाली पडलंय. वृंदाच्या तोंडात लाळ साठलीय. ती तोंडावर हात धरून धावत बेसिनपाशी जाते आणि थुंकते. नुसती लाळ. नळ सोडते, चूळ भरते. पाणी खालच्या ओठाच्या आत लागतं तशी कळ मस्तकात जाते.

ती आरशासमोर ओठ उलटा करून बघते. आतलं कातडं पांढरं पडून सोललं गेलंय, चिमटीएवढी जागा. कडा तांबड्या. या घरात चुना नाही, कधीच नव्हता. ती जिभेचं टोक लावून बघते. जखम खरी आहे, आणि चव अजून आहे.

नळ वाहत असतो. ती तो बंद करते, म्हणजे आपलं आपल्याला नीट ऐकू येईल.

"अण्णा," ती म्हणते, "मला तुमची किळस यायची. लहानपणापासून. शेजारी बसलं की उलटी दाबून धरायचे." ओठ झोंबतो, ती थांबते. "आणि तरी पुढची सीट मी कधी आईला दिली नाही."